घड मधोमध ठेवावा की एका बाजूला? जाहिरातीच्या छायाचित्राची मांडणी ठरवताना

नाशिक परिसरात द्राक्षांचा हंगाम जवळ आला की बागायतदार आणि बेदाणा विकणारे छोटे व्यावसायिक जाहिरातीच्या तयारीला लागतात. छायाचित्र काढताना पहिला प्रश्न हाच येतो, की घड चौकटीच्या मधोमध ठेवायचा की एका बाजूला सरकवायचा.

बाजूला ठेवण्यामागे तृतीयांशांचा नियम आहे. चौकटीचे उभे आणि आडवे तीन-तीन समान भाग करावेत आणि रेषा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या आसपास मुख्य वस्तू ठेवावी, असे तो सांगतो. या नियमाचे नाव जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने १७९७ साली निसर्गदृश्यांविषयी लिहिताना वापरले. मात्र त्याचा भर प्रमाणावर होता, म्हणजे चित्राचा दोन तृतीयांश भाग एका घटकाला आणि एक तृतीयांश दुसऱ्याला मिळावा यावर. मोबाइलच्या ग्रिडवर घड नेमका टेकवण्यात वेळ घालवणाऱ्यांनी हे मूळ म्हणणे ध्यानात घ्यावे, असे मला वाटते.

मधोमध मांडणीचे बळ ओळख पटण्यात आहे. महामार्गावर ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन १०० मीटर अंतर ६ सेकंदांत कापते, आणि तेवढ्या वेळात वाहनचालकाने रस्ता सोडून फलकाकडे किती पाहावे? तिथे एक मोठा घड, मागे गडद सपाट रंग आणि खाली दोन-तीन शब्द एवढेच पोहोचते. दुकानातील पाकिटावरही हीच मांडणी मला योग्य वाटते.

पत्रक, मासिकातील जाहिरात किंवा सावकाश वाचला जाणारा मजकूर असेल, तर मात्र बाजूच्या मांडणीला तोड नाही, कारण तिच्यामुळे मोकळी जागा हाती येते. फोक्सवॅगनच्या १९५९ सालच्या प्रसिद्ध जाहिरातीत छोटीशी मोटार वरच्या कोपऱ्याकडे ठेवून बाकी पान जवळजवळ कोरे सोडले होते, आणि त्या कोरेपणातच मोटारीचे लहानपण डोळ्यांत भरत होते. मराठी मजकुरासाठी अशी जागा अधिकच लागते. शिरोरेषेमुळे देवनागरीची प्रत्येक ओळ एक ठळक आडवी रेषा बनते, शिवाय वरच्या वेलांट्या-मात्रांना आणि खालच्या उकारांना उंची द्यावी लागते. पाने, तारा आणि मणी यांच्या गर्दीवर ती ओळ बसवली की अक्षरे आणि चित्र दोन्ही विस्कटतात. एका बागायतदाराच्या पत्रकात मी स्वतः ही चूक केली होती. घड मधोमध होता, भाव आणि दूरध्वनी क्रमांक मण्यांवरच छापले गेले, आणि लोकांना क्रमांक वाचता येईना.

छायाचित्राच्या कडा कापण्याचे गणितही आधीच मांडावे. ३:२ प्रमाणाचे आडवे छायाचित्र २० बाय १० फुटांच्या फ्लेक्ससाठी वापरले तर उंचीचा चौथा हिस्सा जातो. त्याच छायाचित्रातून रील्ससाठी ९:१६ ची उभी चौकट कापली तर रुंदीचा जेमतेम ३७ टक्के भाग उरतो. मधोमध असलेला घड या कापणीतून वाचतो, तर बाजूला ठेवलेला घड वाचवायला चौकट त्याच्याकडे सरकवावी लागते आणि राखलेली मोकळी जागा नाहीशी होते. म्हणून रील्ससाठी मोबाइल उभा धरून वेगळे छायाचित्र घ्यावे, आणि तळाशी नाव व बटणे येतात तो भाग रिकामा ठेवावा.

येवल्याच्या पैठणीसारख्या वस्तूचा निर्णय सोपा आहे. पदर समोरून, सममितीत दाखवायचा असेल तर मधोमध. नेसलेली स्त्री दाखवायची असेल तर बाजूला, आणि तिची नजर मजकुराकडे.

घडाच्या बाबतीत मांडणीइतकाच प्रकाश महत्त्वाचा आहे. मण्यांवरचा पांढुरका थर ताजेपणाची खूण असतो. सकाळच्या तिरप्या उन्हात तो स्पष्ट दिसतो आणि बोट लागले की पुसला जातो. त्यामुळे घड देठाला धरूनच हलवावा. मधोमध मांडणीत नजर थेट मण्यांवरच स्थिरावते, म्हणून तिथे पुसलेला एक मणीसुद्धा लपत नाही.