मेडिकलवाल्याचं सेल्फ डिफेन्स: आठ रविवार, साडेचार हजार रुपये

चिंचवडला माझं मेडिकल आहे, सव्वीस वर्षं झाली. रात्री अकरानंतर काउंटर आवरायचा, गल्ला पिशवीत भरायचा, शटर ओढायचं आणि गाडीवर टांग टाकायची. मार्चमध्ये अशाच वेळी दोन पोरं आली आणि बटण गोळ्या मागायला लागली. बटण म्हणजे नायट्राझेपाम, झोपेची गोळी. नशेसाठी तिला फार मागणी. चिठ्ठीशिवाय देता येत नाही आणि दिली की एच-वन रजिस्टरला पेशंटचं, डॉक्टरचं नाव चढवावं लागतं. मी नाही म्हणालो. एकानं शर्ट वर करून कमरेचा कोयता दाखवला. नुसता दाखवला, तरी मी जागच्या जागी थिजलो. शेजारच्या वडापाववाल्यानं हाक मारली म्हणून ती सटकली. दुसऱ्याच दिवशी माझ्या मुलीनं मोबाइलवर क्लास शोधून तिचं आणि माझं, दोघांचं नाव घालून टाकलं.

क्लासचं नाव देत नाही, कारण खाली तक्रारी आहेत. आठ रविवार, सकाळी सात ते नऊ, माणशी साडेचार हजार.

शिकवतात क्राव मागा, म्हणजे रस्त्यावरच्या हल्ल्यातून स्वतःला वाचवायची इस्रायली पद्धत. हे काढलं इमी लिख्टेनफेल्ड नावाच्या माणसानं. तो युरोपातल्या ब्रातिस्लाव्हा शहरात वाढलेला बॉक्सर आणि पैलवान. 1930 च्या दशकात तिथं फॅसिस्ट टोळ्यांशी गल्लीत हाणामारी करताना त्याला कळलं, की रिंगमधले डाव रस्त्यावर पुरे पडत नाहीत. माझे आजोबा तालमीत जायचे. कुस्तीला हौदा लागतो, पंच लागतो, हे तेही म्हणायचे.

पहिल्या रविवारी एकही ठोसा शिकवला नाही. सरांनी प्रत्येकाला विचारलं, दिवसभरात तुम्ही सगळ्यात एकटे कुठं असता? मी म्हणालो, शटरपाशी. त्यांनी एक बाक आडवा ठेवला आणि म्हणाले, काका, रोज करता तसं करून दाखवा. मी पिशवी पायाशी ठेवली, गाडीला किल्ली आधीच लावून ठेवल्याचं सांगितलं आणि कुलूप लावायला वाकलो. वर बघतो तर पिशवी सरांच्या हातात आणि दुसरा हात माझ्या मानेवर. "रोज ठरल्या वेळी, ठरल्या जागी तुम्ही रस्त्याकडं पाठ करून वाकता," एवढंच बोलले.

माझे पैसे खरं तर तिथंच वसूल झाले. आता रोख दुपारीच बँकेत भरतो. कुलूप लावताना एक गुडघा टेकून आडवा बसतो, खांदा शटरला, तोंड रस्त्याकडं. हेल्मेट वाकायच्या आधीच डोक्यात, काच वर. किल्ली खिशात. पहिला आठवडाभर वडापाववाला हसायचा.

तिसऱ्या रविवारी ओरडायला शिकवलं. हसू नका, मला ते ठोशापेक्षा अवघड गेलं. दोन्ही तळवे छातीपुढं उघडे धरायचे, 'शांत हो दादा' म्हणताना धरतो तसे. समोरच्याला वाटतं हा गयावया करतोय, आणि हात मात्र तयार. मग पोटातून "मागे हो!" सव्वीस वर्षं "या ताई, बोला" म्हणून गळा इतका गुळगुळीत झालाय की माझ्या तोंडून "अहो, जरा मागे व्हा ना" असं काहीतरी निघालं. अख्खा हॉल खिदळला.

पाचवा रविवार चाकूचा. जुनी पांढरी बनियन घालून या म्हणाले होते. समोरच्याच्या हातात लाल मार्कर, वेळ तीस सेकंद, मार्कर अंगाला लागू द्यायचा नाही. माझ्यासमोर माझीच मुलगी. मी व्हिडिओत बघितलं होतं, मनगट धरायचं आणि पिरगळायचं. पहिल्या झटक्यात मनगट हातातून सुटलं आणि ती शिलाई मशीनसारखी टोचत सुटली. "पप्पा, मेलात तुम्ही, थांबा!" तीच म्हणाली. मोजले तर एकोणीस वार, त्यातले दोन मानेवर. सर हसले नाहीत. पैसे मागितले तर द्या म्हणाले, पिशवी एका बाजूला फेका आणि दुसऱ्या बाजूला पळा. पळता येत नसेल तर मध्ये काहीतरी आणा, काउंटर, स्टूल, हेल्मेट. हातानं हात धरायचा तो काहीच उरलं नाही तरच. बनियनचे डाग निघाले नाहीत. आता तिनं गाडी पुसतो.

हात सोडवण्याचे प्रकार ठीकठाक. पकडीत अंगठ्याची बाजू कच्ची, तिकडून झटका दिला की सुटतो. मुलगी माझ्या हातातून दर वेळी सुटली. बॅचमधल्या एका जिमवाल्याच्या हातातून एकदाही नाही. ताकदीपुढं युक्ती कुठवर चालणार, हे सरांनीही झाकलं नाही.

आता तक्रारी. बत्तीस माणसांना एक सर आणि एक पोरगेला असिस्टंट, त्यामुळं अर्धा वेळ भिंतीला टेकून. मॅट इतक्या पातळ की पडायचं शिकताना माझं कोपर सोलवटलं. सातवा अख्खा रविवार प्लास्टिकचं पिस्तूल हिसकावण्यात घालवला, तोही रील काढायला. आणि कायद्याचा एक शब्द नाही. चहाच्या वेळी बॅचमधल्या एका वकीलबाईंनी सांगितलं तेवढंच. स्वसंरक्षणाची कलमं आयपीसीत, म्हणजे जुन्या दंड संहितेत, 96 ते 106 होती, ती 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत 34 ते 44 झाली. स्वतःला किंवा दुसऱ्याला वाचवण्याचा हक्क आहे, पण लागेल तेवढंच मारायचं. जिवाचा धोका टळल्यावर, आडव्या पडलेल्या माणसाला रागानं आणखी लाथा घातल्या तर आरोपी आपण. हे फीमध्ये बसायला हवं होतं. 112 ला फोन लावून काय सांगायचं, तेही शिकवलं नाही. मी सांगतो: आधी जागा, मग बाकीचं.

टी-शर्टचे सहाशे वेगळे, आणि घ्यावाच लागतो.

पन्नाशी उलटलेल्यांनी, पोट सुटलेल्यांनी बिनधास्त जावं. गुडघ्याचा त्रास असेल तर सरांना आधी सांगा, ते पडण्यातून सूट देतात. पुढच्या बॅचला दुकानातल्या पोराला घालतोय, फी मी भरणार. टी-शर्ट मात्र माझाच नेईल. त्याला ढगळ होईल, पण सहाशे वाचतील.