हाय फ्रिक्वेन्सी, गॅल्व्हॅनिक की लाल-निळी लाईट? पिंपल्सला काय, केसांना काय

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या साध्या पार्लरात पण आता फेशियलच्या यादीत ही तीन नावं असतातच आणि गिऱ्हाईक विचारतं, ताई, यातलं चांगलं कुठलं. मी हेच काम करते म्हणून सांगते, तुमचा त्रास नक्की काय ते कळल्याशिवाय याचं उत्तर देता येत नाही, कारण पहिल्या दोन मशीनमध्ये करंट काम करतो आणि तिसऱ्यात नुसता उजेड.

घरातल्या प्लगचा करंट सेकंदाला ५० फेऱ्या मारतो. हाय फ्रिक्वेन्सीचं मशीन तेच लाखभर किंवा त्याहून जास्त करतं, आणि इतक्या वेगात नसांना आणि स्नायूंना तो जाणवतच नाही म्हणून शॉक लागत नाही, थोडी ऊब आणि झिणझिण एवढंच. काचेच्या नळीत निऑन असला की केशरी आणि आर्गॉन असला की जांभळा दिसतो, तो रंग गॅसचा असतो, त्यात औषध काही नाही. नळी आणि कातडीच्या मधे बारीक ठिणग्या उडतात, त्यातून जरासा ओझोन तयार होतो आणि तो जंतू मारतो, म्हणून ब्लॅकहेड्स काढल्यावर हे फिरवतात. पिंपल्स यानंच जातात असा ठोस पुरावा मात्र फारसा नाही, तेव्हा जोडीला ठीक, एकट्या याच्यावर पैसे घालू नका. दमा असेल तर नको म्हणा, आणि स्पिरिटवालं टोनर लावलेल्या चेहऱ्यावर ही नळी कुणी आणली तर लगेच थांबवा, पेट घेऊ शकतं.

गॅल्व्हॅनिकचा करंट बॅटरीसारखा एकाच दिशेनं जाणारा. मायनस टोकाखाली अल्कली तयार होते आणि छिद्रातलं घट्ट तेल मऊ पडतं, म्हणून तेलकट चेहऱ्याला बरं, पण कोरडी नाजूक कातडी असेल तर लाल होऊन चुरचुरते. तोंडात धातूची चव आली तर घाबरू नका, असं होतं. साज, मंगळसूत्र, नथ, सगळं आधी काढून ठेवा. आणि पेसमेकर, फिट येणं, हाडात प्लेट-रॉड, पोटात बाळ, यातलं काही असेल तर दोन्ही करंटवाली मशीनं तुमच्यासाठी नाहीत, पार्लरवालीनं विचारलं नाही तरी आपण होऊन सांगा.

आता लाईट. माझ्या मते पिंपल्ससाठी तिघांत हीच सरस. साधारण ४१५ नॅनोमीटरची (नॅनोमीटर म्हणजे उजेडाच्या लहरीची लांबी मोजायचं माप) निळी लाईट पिंपल्सच्या जंतूंमधल्या पोर्फिरिन नावाच्या द्रव्यावर पडते आणि जंतू मरतात. लाल, म्हणजे ६३० ते ६६० च्या आसपासची, जास्त खोल जाते आणि सूज उतरवते. पण ही लहान, लाल फोडांची गोष्ट झाली, आतून गाठी येत असतील तर निळी लाईट तिथवर पोचत नाही, डॉक्टरच लागतात. आणि आपल्या सावळ्या कातडीला एक गोष्ट कुणी सांगत नाही ती म्हणजे निळ्या लाईटनं डाग अजून गडद होऊ शकतात, म्हणून वांग असेल तर निळी टाळा. डॉक्सिसायक्लिनसारख्या अँटिबायोटिक गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. डोळ्यांवर गॉगल पाहिजेच.

केसांचं तर आणखी वेगळं. १९६७ च्या सुमारास हंगेरीतले डॉक्टर एंद्रे मेस्टर लेसरनं कॅन्सर होतो का ते उंदरांवर बघत होते, कॅन्सर झाला नाही पण भादरलेल्या जागी केस लवकर उगवले. तिथून ही लाल लाईटची टोपी आणि कंगवा आला, अमेरिकेत औषधं-उपकरणं तपासणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेनं असल्या लेसर कंगव्याला २००७ मध्ये मान्यता दिली. अनुवंशिक टक्कल पडतंय, केस बारीक होतायत पण मुळं जिवंत आहेत, अशांनाच याचा उपयोग, तोही आठवड्यातून तीनदा, चार-सहा महिने, आणि बंद केलं की फायदा पण ओसरतो. म्हणून पार्लरातल्या महिन्यातून एकदाच्या सेशनवर मी तरी पैसे घालायला सांगणार नाही. डिलिव्हरी किंवा डेंगीनंतर दोन-तीन महिन्यांनी केस भसाभसा गळतात ते बहुतेकदा आपोआप थांबतात, त्याला मशीन कशाला. कोंड्याला हाय फ्रिक्वेन्सीपेक्षा केटोकोनॅझोल या बुरशी मारणाऱ्या औषधाचा शाम्पू स्वस्त आणि खात्रीचा.

तालमीतल्या पोरांना गजकर्ण लई होतं, त्यावर यातलं एकही मशीन फिरवू नका, ते संसर्गाचं आहे, नळी एकाची दुसऱ्याला लागली की झालंच. गजकर्ण काय, चाई काय, सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या त्वचारोग विभागात आधी दाखवा. सोरायसिस आणि कोडाला लाईट देतात ती वेगळी, ३११ नॅनोमीटरची यूव्ही म्हणजे अतिनील, ती डॉक्टरांच्याच देखरेखीत घ्यायची.

घरी मास्क मागवणार असाल तर बॉक्सवर नॅनोमीटरचा आकडा छापलाय का बघा, सात रंगांची जाहिरात असेल आणि आकडा कुठंच नसेल तर घेऊ नका.