मॉडेल ए फोर्डचे पाटे: नऊ महिने, २,३०० किलोमीटर आणि न विचारता घातलेला अकरावा पाटा

निकाल आधीच सांगून टाकतो. १९३० ची ट्यूडर, म्हणजे दोन दारांची मॉडेल ए, १९ इंची चाकं. गाडीची मागची बाजू आता बसण्यालायक झाली आहे आणि त्यासाठी परदेशातून एकही वस्तू मागवावी लागली नाही. पाटे (लीफ स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या) सोडले, घासले, टोकं गोल केली, परत बांधले आणि शॉकअपमधलं द्रव बदललं, बस. नवे पाटे मागवले असते तर मालापेक्षा वाहतुकीलाच जास्त पैसे गेले असते.

हे सगळं करायची वेळ आली ती एका पाटेवाल्या वर्कशॉपमुळे. मागच्या गठ्ठ्यात दहा पाटे होते आणि त्यातले तीन तुटले होते. ते तीन बदलून द्या, एवढंच सांगितलं होतं. गठ्ठा परत आला तेव्हा त्यात अकरा पाटे होते. तुटलेल्यांच्या जागी घातलेली पट्टी जाड होती आणि कमानही वाढवून दिलेली. विचारल्यावर उत्तर मिळालं, आपल्या रस्त्यांना असंच लागतं, शिवाय जास्तीच्या पाट्याचे पैसे घेतलेलेच नाहीत. गाडी मागून छान उंच दिसत होती. मागे बसणाऱ्याच्या कमरेचं मात्र काही खरं नव्हतं.

हा "एक पाटा वाढवून देतो" प्रकार आपल्याकडे इतका मुरलाय की त्याचा हिशेब एकदा मांडायलाच हवा. पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. मूळ पाटा ६ मिमीचा असेल आणि जागी ७ मिमीची पट्टी घातली, तर तो एक पाटा जवळपास ५९ टक्के जास्त ताठ होतो. दहापैकी तीन असे बदलले की अख्खा गठ्ठा साधारण १८ टक्के ताठ झाला. वर त्याच पट्टीचा अकरावा घातला की वाढ ३३ टक्क्यांच्या घरात जाते. लांबीचा फरक इथे धरलेला नाही, पण अंदाज यायला एवढं पुरे. टेम्पोत माल भरायचा असतो, तिथे हे चालून जाईल. मॉडेल ए मध्ये मागे दोन माणसं आणि एखादी पिशवी असते.

अकरावा पाटा काढायचाच होता, पण सोडण्याआधी दोन मोजमापं घेतली. ती प्रत्येकाने घ्यावीत, फुकट होतात. पहिलं म्हणजे मागच्या सीटवर ५० किलोची सिमेंटची दोन पोती ठेवून बॉडी किती बसते ते मोजायचं. फक्त ६ मिमी बसली. दुसरं मोजमाप जास्त महत्त्वाचं. बॉडी मागून जॅकने थोडी उचलायची, हळूच सोडायची आणि मडगार्डच्या कडेपासून जमिनीपर्यंतची उंची मोजायची. मग दोघांनी मिळून खाली दाबायची, हळूच सोडायची आणि परत मोजायचं. गाडी तीच, वजन तेच, तर दोन्ही उंची सारख्या यायला हव्यात. फरक आला ३१ मिमी. म्हणजे पाटे एकमेकांवर सरकतच नव्हते. गाडी जिथे सोडाल तिथे अडकून बसत होती.

खरं दुखणं हे आहे. पाटे मोकळे सरकत असतील तर दहा पाट्यांचा ताठपणा म्हणजे दहांची बेरीज. गंजून एकमेकांना पक्के चिकटले तर तोच गठ्ठा एकसंध जाड दांड्यासारखा वागतो आणि कागदावर ताठपणा शंभरपट होतो. प्रत्यक्षात इतकं कधी होत नाही, मोठ्या खड्ड्यात पाटे सुटतातच. पण बारीक खडी, डांबराचे ठिगळ, रम्बलर, यांच्या धक्क्यात पाटे सुटण्याइतका जोर नसतो. मग तो धक्का टायरमधून थेट सीटला येतो. म्हणूनच या जुन्या गाड्या मोठा स्पीडब्रेकर बरा घेतात आणि सपाट दिसणाऱ्या रस्त्यावर अंग खिळखिळं करतात.

आता सोडण्याबद्दल. फोर्डचा हा आडवा स्प्रिंग शॅकलमध्ये (स्प्रिंगचं टोक ॲक्सलशी जोडणारी झुलती कडी) ताणून बसवलेला असतो, नुसता टेकलेला नसतो. त्यामुळे शॅकल काढायला स्प्रिंग फाकवणारं स्प्रेडर लागतंच. पहार घालून कोणी करायला निघालं तर त्याला थांबवा. गठ्ठा खाली आल्यावर धोका संपला असं समजू नका, कारण पाटे मधोमध एकत्र बांधणारा सेंटर बोल्ट सुटताच ते उसळतात. दोन्ही बाजूंना दणकट सी-क्लॅम्प लावा. सेंटर बोल्ट काढून त्याच भोकात पूर्ण आटे असलेला लांब हाय-टेन्साइल रॉड घाला आणि नट चढवा. मग क्लॅम्प आणि नट आलटून पालटून अर्धा-अर्धा फेरा सैल करत आणा. सोडणाऱ्याने बाजूला उभं राहायचं, पाट्यांच्या रेषेत कधीच नाही. सोडण्याआधी प्रत्येक पाट्याच्या एकाच कडेला खडूने क्रमांक घाला. पाटा उलटा बसला की दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडतो आणि गाडी एका अंगाला कलते.

पाटे वेगळे झाले की टोकं बघा. मला या सगळ्या कामात सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते आणि कोणीही ती करत नाही. पाचवा पाटा उलटा करून उजेडात तिरका धरला तेव्हा टोकापासून बोटभर आत आडवा चर दिसला, नख अडकेल इतका खोल. तो सहाव्या पाट्याच्या टोकाने कोरलेला. वर्कशॉपने पट्टी शिअरवर (कापायच्या यंत्रावर) कापून तशीच बसवली होती, कड करवतीसारखी धारदार. ओझं आलं की ते टोक शेजारच्या लांब पाट्यात रुततं, सरकायच्या ऐवजी खरवडतं, आणि पुढे त्याच चरात पाटा तुटतो. उपाय अर्ध्या दिवसाचा. प्रत्येक टोक वरून बघितल्यावर अर्धगोल दिसेल असं करा. शेजारच्या लांब पाट्याला टेकणाऱ्या बाजूची कड ग्राइंडरने पाऊण इंचभर उतरती करा, शेवटी कानस मारून गुळगुळीत करा. पोलाद निळं पडू देऊ नका, निळं पडलं म्हणजे पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरला. पाट्याच्या अंगावर ग्राइंडर आडवा फिरवू नका, ओरखडे लांबीच्या दिशेनेच हवेत. वेल्डिंगचं तर नावच नको. चर नखापेक्षा खोल असेल तर तो पाटा बाद.

मग तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, रॉकेलने पुसणं आणि फक्त टेकणाऱ्या भागांवर कोरड्या ग्राफाइटचा थर. साधा रंग पाट्यांच्या मधे जाऊ देऊ नका, तो गोंदासारखा धरतो. बांधताना यू-बोल्ट (गठ्ठा चेसिसला धरणारे) गाडी चाकांवर उभी असताना शेवटचा आवळा आणि १०० किलोमीटरनंतर परत आवळा. यू-बोल्ट सैल राहिला की पाटा हमखास सेंटर बोल्टच्या भोकाशी तुटतो. बाजूच्या क्लिपा आवळून चेपू नका, पाटे त्यातून सरकले पाहिजेत. शॅकल साधारण ४५ अंशांत तिरकं दिसलं पाहिजे. वर्कशॉपच्या वाढीव कमानीमुळे ते जवळजवळ आडवं पडलं होतं. जाड पट्टीचे ते तीन पाटेही काढले आणि मूळ जाडीची पट्टी दुसरीकडून, समोर उभं राहून बनवून घेतली.

परत मोजलं तर १०० किलोला १५ मिमी बसली आणि उंचीतला फरक ३१ वरून ९ मिमीवर आला. पहिल्या आठवड्यात तर वाटलं, जिंकलो. खडीवरून गाडी अशी जाते की खाली काही आहे हेच कळू नये. तेव्हा विचारलं असतं तर शॉकअपवर एक पैसा घालू नका असंच सांगितलं असतं.

ते मत चार महिन्यांनी बदललं, सिमेंटच्या रस्त्यावर. तिथे साडेचार-साडेचार मीटरवर सांधे असतात. ताशी ३० किलोमीटरला मागची बाजू नौकेसारखी हलायला लागली आणि थांबेचना. ४० ला गेलं की शांत, २० ला आलं की शांत. शॉकअपचे दुवे सोडून, बॉडी दाबून झोके मोजले तर मिनिटाला ११४, म्हणजे सेकंदाला १.९. साडेचार मीटर गुणिले १.९ केलं की ताशी ३१ किलोमीटर येतात. प्रत्येक सांधा झोक्याला बरोबर वेळेवर धक्का देत होता.

कारण सरळ आहे. गंजलेल्या पाट्यांचं घर्षण हेच इतके दिवस शॉकअपचं काम करत होतं. ते घालवलं आणि झोका आवरायला काही उरलं नाही. मॉडेल ए च्या आधीची मॉडेल टी तर वर्षानुवर्षं अशीच पाट्यांच्या घर्षणावर चालली. कारखान्यातून तिला शॉकअप येतच नसे, लोक बाहेरून हॅसलरचे कॉइल स्प्रिंगचे जोड घेऊन लावत. फ्रान्समध्ये त्र्यूफोने आणि मग अमेरिकेत हार्टफर्डने चकत्या घासणारे शॉकअप आणले. पण तेही घर्षणच, बारीक धक्क्याला आणि मोठ्या धक्क्याला अडवण्याचा जोर सारखाच. द्रवाचं तसं नसतं. हालचाल हळू असेल तर अडथळा कमी, जोरात असेल तर जास्त. फ्रान्सच्या मोरिस हूदाईचा फिरत्या पात्याचा शॉकअप त्याच तत्त्वावर चालतो आणि फोर्डने मॉडेल ए ला असे चार चार कारखान्यातूनच बसवले. इतक्या स्वस्त गाडीत ही फार मोठी गोष्ट होती, आणि आपण ते चारही मेलेल्या अवस्थेत वागवतो.

तपासणी सोपी. दुवा सोडून शॉकअपचा दांडा हाताने फिरवा. पूर्ण फेऱ्यात सारखा, मधासारखा जड अडथळा लागला पाहिजे. मधेच मोकळी जागा लागली तर आत हवा आहे. मागचे दोन्ही दोन बोटांनी फिरले, म्हणजे रिकामे. पुढचा डावा गंजून जाम. यात मूळचं द्रव ग्लिसरीन. ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि त्यातूनच गंज येतो. ग्लिसरीन पाण्यात विरघळतं, म्हणून गरम पाण्याने दांडा हलवत धुवा, स्पिरिटने पाणी काढा, दोन दिवस उन्हात वाळवा. मग एक तर शुद्ध ग्लिसरीन भरा, नाही तर हायड्रॉलिक ऑइल. दोन्ही कधीच मिसळू नका, ती एकजीव होत नाहीत. ग्लिसरीन औषधाच्या दुकानात स्वस्तात मिळतं, मी तेच भरलं. थोडं भरायचं, दांडा सावकाश वर-खाली करायचा, बुडबुडे थांबेपर्यंत. सुईसारखा व्हॉल्व्ह एकाष्टमांश फेऱ्यापेक्षा जास्त एका वेळी फिरवू नका, आणि डावा-उजवा सारखाच ठेवा. थंडीच्या पहाटे पहिले दोन-तीन किलोमीटर गाडी ताठ वाटते, ग्लिसरीन घट्ट होतं म्हणून. ते चालायचंच.

सिमेंटच्या रस्त्यावर आता एक झोका, फार तर दीड, आणि गाडी स्थिर.

पावसाळ्याने दुसरं मत बदलायला लावलं. कोरडं ग्राफाइट धुळीच्या दिवसांत उत्तम, पण सप्टेंबरात उंचीतला फरक ९ वरून १७ मिमीवर गेला होता आणि टोकांशी तांबूस पाणी ओघळलेलं. नुसतं ग्रीस उघड्यावर लावलं तर धूळ धरून पॉलिश पेस्टसारखं पाटे झिजवतं. म्हणून ऑक्टोबरात ग्राफाइट ग्रीस लावलं, वरून सुती पट्टी गुंडाळली आणि त्यावर कातडी आवरण चढवून खालच्या बाजूला वादीने शिवलं. त्या काळात इंग्रजी गाड्यांना अशीच कातडी आवरणं घालत. चपला शिवणाऱ्या कारागिराने मापाने करून दिली. सध्या फरक ८ मिमी.

टायरमध्ये ३५ पौंड, गार असताना. पंपावर ४५ भरून देतात, ते सोडून घ्या. पाट्यांवरची अर्धी मेहनत तिथेच वाया जाते.

तरीही गाडी आजच्या गाडीसारखी मऊ होणार नाही. झोक्यांचा हिशेब एका ओळीचा आहे. वजनाने स्प्रिंग जितके सेंटिमीटर बसतो त्याच्या वर्गमुळाने ३०० ला भागा, मिनिटाचे झोके येतात. आजच्या गाडीसारखे ७५ हवे असतील तर १६ सेंटिमीटर बसणारा स्प्रिंग हवा, इथे सातही नाहीत. तेवढी जागा चेसिसखाली नाहीच. पुढची बाजू मऊ हवी आणि मागची किंचित ताठ, हे इंजिनिअर मॉरिस ऑलीने कॅडिलॅकमध्ये वजनं हलवून तपासलं ते १९३२ च्या सुमारास, मॉडेल ए बंद झाल्यावर.

पुढचे पाटे अजून सोडलेले नाहीत. तिथे उंचीतला फरक १९ मिमी आहे आणि डावं शॅकल वळणावर कुरकुरतं. बुश घेऊन ठेवले आहेत, स्प्रेडर मोकळं झालं की तेही काम काढायचं आहे.