मालक मी, मैदान तुंबलेलं: समर्थकांच्या मालकीच्या फुटबॉल क्लबचं सभासदत्व, हंगाम संपायच्या आधीच

शनिवारची होम मॅच पुन्हा पुढे ढकलली. कारण तेच, मैदानात पाणी. मेसेज आला तेव्हा मी गेटातून आत आलेलो होतो आणि रेफरी गोलसमोर उभा राहून खांद्याच्या उंचीवरून बॉल सोडून बघत होता. बॉलने उसळायचं नाव घेतलं नाही. थप्प करून पडला तिथेच बसला. रेफरीने दुसऱ्या टोकाला जाऊन तेच केलं, मान हलवली, आणि सकाळपासून चिखलात भोकं पाडत बसलेले ग्राउंड्समन काका हातातलं दाताळं जमिनीत खोचून चालते झाले. सभासदत्वाचं हे परीक्षण हंगाम संपल्यावर शांत डोक्याने लिहायचं होतं, ते आजच लिहितोय. डोकं शांत नाही, हे वाचताना लक्षात असू द्या.

घेतलं काय, तर एका छोट्या, समर्थकांच्या मालकीच्या क्लबचं सभासदत्व. योजना कशी असते ते तुम्हाला ठाऊक आहेच: वर्गणी सगळ्यांना सारखी, माणशी एक मत, कार्यकारिणी निवडून यायची, लाभांश कुणालाच नाही. सोबत एक कार्ड, तिकिटावर सवलत, दर महिन्याला माहितीपत्र. कार्ड झकास आहे, पाकिटात घासून घासूनही अक्षर पुसलेलं नाही. सवलतीचं गणित मी पैसे भरायच्या आधीच वहीत मांडलं होतं. बऱ्याचशा होम मॅचना हजेरी लावली की वर्गणी वसूल, त्यापुढची प्रत्येक मॅच फायद्यात. मॅच ठरल्या दिवशी होणार, हे त्यात गृहीत धरलेलं. पण पाण्याने गेलेली शनिवारची मॅच मंगळवारी रात्री लागते आणि मंगळवारी रात्री मला जमत नाही. सवलतही गेली आणि आधी काढून ठेवलेलं तिकीटही.

म्हणून परतावा मागितला. उत्तर आलं, की आपण प्रेक्षक नसून क्लबचे मालक आहात, आपल्याच क्लबकडून परतावा मागू नये. बरं, मालक तर मालक. मालकाच्या हक्काने पुढचा मेल टाकला: गेल्या हंगामात मैदानाच्या निचऱ्यावर किती खर्च झाला? त्यावर उत्तर, की हिशेब वार्षिक सभेत मिळेल, तोवर समर्थकांनी संघाच्या पाठीशी उभं राहावं. पैसे मागितले की मी मालक, हिशेब मागितला की मी प्रेक्षक. या मालातला मूळ दोष हाच. पहिल्या मेलपर्यंत तो कळतही नाही.

आता मताच्या हक्काविषयी. मतदान अ‍ॅपवर होतं, अ‍ॅप चांगलं चालतं, तक्रार नाही. मत द्यायला मिळालं ते तिसऱ्या जर्सीच्या रंगावर, मॅस्कॉटच्या (क्लबच्या शुभंकराच्या) नावावर आणि गोल झाल्यावर वाजणाऱ्या संगीतावर. मैदानावर एकदाही नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. सगळंच मताला टाकावं असंही मी म्हणत नाही, कारण तो प्रयोग होऊन गेलाय. इंग्लंडमध्ये मायफुटबॉलक्लब नावाच्या संकेतस्थळाने २००८ साली एब्सफ्लीट युनायटेडचा मोठा हिस्सा विकत घेतला. वर्षाला ३५ पाउंड भरा आणि क्लब चालवा, अगदी संघनिवडीवरही मत द्या, असा वायदा होता. जगभरातून हजारो लोकांनी पैसे भरले. त्याच वर्षी वेम्बलीवर टॉर्कीला हरवून क्लबने खालच्या स्तरातल्या क्लबांची एफए ट्रॉफी जिंकली. पुढच्या नूतनीकरणापासून सभासद भराभर गळाले, आणि २०१३ मध्ये उरलेल्यांनी मतदान करूनच हिस्सा सोडून दिला. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांचा उत्साह पहिल्या हप्त्यापुरता असतो. मला लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूचा बचावपटू, निवडायचा नाही. लेफ्ट बॅक जिथे धावतो तिथे घोटाभर पाणी का साचतं, एवढंच मला विचारायचं होतं.

इथपर्यंतचं सगळं मध्यंतरी टिपून ठेवलेलं आहे आणि त्या हिशेबाने पाचपैकी दोन तारे झाले असते. वार्षिक सभेनंतर त्यात फरक पडला.

सभेची सुरुवात नेहमीसारखीच. गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब, अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा सुरू. कोषाध्यक्ष मॅडमनी ताळेबंद वाचायला घेतला तेव्हा निम्मी खोली मोबाइलमध्ये होती. मी मैदानाच्या ओळीवर बोट ठेवून बसलो होतो. खेळाडूंचे पगार वर, भलेमोठे; मैदान खाली, "इतर देखभाल" मध्ये, खुर्च्यांच्या रंगकामासोबत. हात वर केला.

"मॅडम, मैदानावर एवढाच खर्च?"

"एवढाच. आणि तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, सगळ्यात महाग मैदानच पडतं आपल्याला."

मग त्यांनी जे मांडलं ते सभासद होताना कुणी सांगत नाही. मॅच शनिवारवरून मंगळवारी गेली की गर्दी आटते. पाहुण्या संघाचे लोक तर येतच नाहीत. कँटीनचा माल शनिवारसाठी भरलेला असतो, तो वाया. फ्लडलाइट पूर्ण वेळ चालू. प्रायोजकाने पाहुण्यांसाठी घेतलेली टेबलं रद्द. पगार मात्र दोन्हीकडे तेवढेच. छोट्या क्लबला टीव्हीचा पैसा नसल्यातच जमा. गेट (म्हणजे तिकिटांचे पैसे), कँटीन आणि प्रायोजक यांवर घर चालतं, आणि रद्द झालेली एक मॅच तिन्हींना एकदम फटका देते. बोलून झाल्यावर त्यांनी वही सरळ माझ्यापुढे सरकवली. व्हाउचरसकट. सभा संपल्यावर मी आणि आणखी दोघे ती चाळत बसलो, त्या दिवे मालवायला थांबून राहिल्या. जिथे मालक म्हणजे एकच धनवान गृहस्थ, अशा क्लबात ही वही समर्थकाच्या हाताला लागणार नाही. एक तारा इथे वाढला.

लगेच अर्धा कमीही झाला, आणि तो कार्यकारिणीमुळे नाही. मी ठराव मांडला, की मधल्या ट्रान्सफर खिडकीत, म्हणजे हंगामाच्या मध्यात खेळाडू घेता-विकता येतात त्या काळात, नवा स्ट्रायकर (गोल करणारा पुढचा खेळाडू) न घेता ते पैसे निचऱ्याला द्यावेत. अनुमोदनही मिळालं. मतदानात ठराव साफ आपटला. स्ट्रायकरचं नाव निघताच मोबाइलमधली सगळी डोकी वर आली होती, टाळ्या पडल्या होत्या. समर्थकांची मालकी म्हटलं की आपण धरून चालतो, की धनाढ्य मालकांची उधळमाधळ आता थांबेल. पण स्टँडमध्ये "सेंटर फॉरवर्ड आणा" म्हणून ओरडणारेच सभेत मतदार असतात. उत्पन्नाच्या मानाने पगार म्हणजे नाकापेक्षा मोती जड, हे हातातल्या कागदावर दिसत असूनही हात वर झाले. स्ट्रायकर आला. चांगला आहे. त्याच्या घरच्या पदार्पणाची मॅच पाण्याने गेली.

उधळपट्टी कुठे नेते ते इंग्लंडमधल्या बरी क्लबच्या लोकांना विचारा. १८९४ पासून इंग्लिश लीगमध्ये असलेला हा क्लब देणी भागवता न आल्याने ऑगस्ट २०१९ मध्ये लीगबाहेर काढला गेला. शेवटच्या दिवशी वाचवणारा खरेदीदार येईल या आशेने समर्थक झाडू-फडकी घेऊन स्टेडियम साफ करत होते. मालकी त्यांच्याकडे नव्हती, साफसफाई मात्र त्यांच्याकडे. उलट एक्सेटर सिटी बघा. २००३ मध्ये कर्जात बुडालेला क्लब समर्थकांच्या ट्रस्टने हातात घेतला. २००५ च्या जानेवारीत एफए कपात, म्हणजे इंग्लंडच्या छोट्या-मोठ्या क्लबांच्या बाद स्पर्धेत, ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडला ०-० रोखलं, पुन्हा खेळवलेली मॅच हरले, पण त्या दोन मॅचच्या कमाईतून देणी फिटली. पुढे अकादमीतून ऑली वॉटकिन्ससारखे खेळाडू घडवून विकले. क्लब आजही ट्रस्टचाच आहे.

सगळ्यांना ते झेपतं असं नाही. पोर्ट्समथच्या समर्थकांनी हजार हजार पाउंडांचे शेअर घेऊन २०१३ मध्ये क्लब वाचवला, २०१७ मध्ये लीग टू (इंग्लिश फुटबॉलची वरून चौथी पायरी) जिंकली, आणि त्याच वर्षी मतदान करून तो अमेरिकन मालकाला विकला. रेक्सममध्ये २०११ पासून क्लब चालवणाऱ्या ट्रस्टने २०२० मध्ये ९८ टक्क्यांहून जास्त मतांनी दोन अभिनेत्यांच्या हाती चावी दिली. मी त्यांना नावं ठेवणार नाही. वर्षानुवर्षं वर्गणीत पगार, पाइप आणि छप्पर बसवून दमलेली माणसं ती. जर्मनीसारखा ५०+१ चा नियम असला, म्हणजे व्यावसायिक कंपनीतही मतांची बहुसंख्या सभासदांच्या क्लबकडेच राहायची, तर हा मोह मुळात दाराबाहेर थांबतो. इतरत्र तो दर तोट्याच्या वर्षी दार ठोठावतो.

असो. पाण्याकडे परत येतो, कारण मला झोप त्यानेच लागत नाही.

सभेनंतर श्रमदानाच्या रविवारी गेलो. फुकट काम करणं माझ्या तत्त्वात बसत नाही, पण परतावा मिळत नाही तर निदान कारण तरी बघू म्हटलं. काकांनी दाताळं हातात दिलं. दाते पूर्ण आत रोवायचे, दांडा मागे ओढून माती जराशी उचलायची, काढायचे, वीतभर पुढे सरकायचं. भोकातून आधी बुडबुडे येतात, मग पाणी खाली जातं. आमच्या गोलसमोर ते जातच नव्हतं. भोकं काठोकाठ भरून तशीच राहत होती. काका म्हणाले, "खाली पाइप आहेत की. पण पाणी जाणार कुठं?"

जाणार कुठं, हे कुणालाच माहीत नव्हतं. चिकणमातीचं मैदान, वरून रोलर आणि बूट दाबून दाबून घट्ट झालेली माती, तेवढं समजलं. पण पाइप आहेत तर त्यांना तोंड असणार. चौघांनी बाजूच्या उताराला खणायला घेतलं. प्रायोजकांसाठी बांधलेल्या छोट्या स्टँडमागे, बांधकामाच्या राडारोड्याखाली, पाइपचं तोंड सापडलं. मुळांचा गुच्छ, वर सिमेंटचा गोळा. स्टँड बांधताना ज्याने भर टाकली त्याने ते बुजवून टाकलं होतं आणि पाहणारा कुणी नव्हता. गोळा फुटला तेव्हा आधी काळं, वासाचं पाणी थेंब थेंब आलं, मग एकदम धार लागली. काका काही न बोलता मैदानावर गेले आणि गोलसमोर टाच रोवून बघू लागले. खड्ड्यातलं पाणी तासाभरात उतरलं.

मला इतका आनंद त्या स्ट्रायकरच्या एकाही गोलला झालेला नाही. आणि संतापही, कारण खर्च काय आला? एक कुदळ, एक दुपार. इतक्या मॅचेसचं गेट, कँटीनचा माल, माझी तिकिटं, सगळं त्या गोळ्यापायी वाहून गेलं.

तरी शनिवारी मैदान पुन्हा तुंबलं. का? तोंड उघडं झालं, पण त्यापुढे पाणी वाहून न्यायला पक्की नाली नाही. कडेची माती सैल पडली आणि दोन पावसांत तोंडावर घसरली. नाली बांधायचा खर्च तुलनेने किरकोळ आहे, मी दर काढलेत. अर्ज दिलाय. तो "मार्केटिंग व सुविधा" उपसमितीकडे आहे.

सभेत एक गट "कृत्रिम गवत घाला, कटकट मिटवा" म्हणत असतो. त्यांचं अगदीच चुकीचं नाही. कृत्रिम मैदान आठवडाभर शाळांना, हौशी संघांना भाड्याने देता येतं. मेडस्टोन युनायटेडने तशाच मैदानाच्या जोरावर गाडी रुळावर आणली आणि जानेवारी २०२४ मध्ये सहाव्या पायरीवर असताना एफए कपात इप्सविचला हरवलं. पण वर चढायचं ठरवलं की नियम आडवे येतात: सटन युनायटेड २०२१ मध्ये लीग टूमध्ये गेली तेव्हा तिला कृत्रिम मैदान उखडून गवत लावावं लागलं, आणि भाड्याचं उत्पन्न त्याबरोबर गेलं. पाण्यापुढे नवं स्टेडियमसुद्धा टिकत नाही. एएफसी विम्बल्डन हा समर्थकांनीच २००२ मध्ये उभा केलेला क्लब; त्याच्या नव्या मैदानाला सप्टेंबर २०२४ मध्ये मुसळधार पावसाने मोठा खड्डा पडला आणि न्यूकॅसलविरुद्धची मॅच न्यूकॅसलच्याच घरी न्यावी लागली. तिथे दुरुस्तीला समर्थकांनी झटपट वर्गणी काढली. आमच्याकडे काढली तर मॅस्कॉटला नवा पोशाख येईल अशी भीती वाटते.

घ्यावं का? स्वस्तात मॅच बघायच्या असतील तर साधं सीझन तिकीट घ्या, माझं गणित तुमच्या समोर आहे. व्हाउचर उलटायची खाज असेल, सभेला बसायचा दम असेल आणि ठराव आपटला तरी पुढच्या सभेला जायची तयारी असेल, तर हा माल वाईट नाही. वही बघायला मिळते, कुदळ मारायला मिळते. अडीच तारे. अर्धा तारा नालीसाठी राखून ठेवलाय.

नूतनीकरणाचा अर्ज आलाय. वर्षाची वर्गणी एकदम भरली तर सूट, महिन्याने भरली तर काही नाही. सूट सोडणं माझ्या रक्तात नाही, तरी महिन्याच्या चौकटीत खूण केली. नाली होईपर्यंत हप्ते महिन्याचे, असं कार्यकारिणीला लेखी कळवलंय. पोच अजून आलेली नाही.