दाभोळच्या फेरीबोटीचं बनावट बुकिंग : माझे २७,३५५ रुपये गेले, तुमचे वाचवा

आधी आकडे सांगतो. २,३६०, मग ४,९९९, मग ९,९९८ आणि पुन्हा ९,९९८. एकूण २७,३५५ रुपये. २०२४-२५ च्या ४,८९२ रुपये हमीभावानं हे साडेपाच क्विंटलहून जास्त सोयाबीन झालं. आणि तो हमीभाव बाजारात कितीजणांच्या हाती पडला, हे यवतमाळ-वाशीमकडच्या माणसाला मी सांगायची गरज नाही.

दिवाळीनंतर आईला समुद्र दाखवायचा होता. तिनं आयुष्यात पाहिला नव्हता. दापोलीहून गुहागरला जायचं, वाटेत दाभोळ ते धोपावे फेरीबोटीनं वाशिष्ठीची खाडी ओलांडायची, मग हेदवीचा दशभुजा गणपती आणि वेळणेश्वर, असा बेत होता. बोट नसेल तर चिपळूणवरून मोठा वळसा पडतो. एका नातेवाइकानं सांगितलं, सुट्ट्यांत गाड्यांची रांग लागते, आधी बुकिंग करून ठेव. म्हणून मोबाइलवर शोधलं. नकाशावर फेरीबोटीच्या नावाखाली नंबर दिसला, वर जेटीचा फोटो, खाली चांगले अभिप्राय. फोन लावला.

समोरचा हिंदीत बोलला. कोकणातल्या जेटीवरचा माणूस मराठीत बोलेल, हे आता सगळे मला सांगतात. पण आमच्याकडे हिंदी रोजची आहे. व्यापारी हिंदीत बोलतो, ट्रॅक्टरच्या कंपनीचा माणूस हिंदीत बोलतो, ट्रकवाला तर बोलतोच. त्यात खटकण्यासारखं काय होतं? "सर, सीजन चालू है, बिना बुकिंग गाडी नहीं चढेगी." गाडी आणि सात माणसं, २,३६० रुपये. वर गाडीचं डिपॉझिट ४,९९९, पलीकडे उतरलं की वापस. गाडीच्या आरसीचा आणि दोघांच्या आधार कार्डांचा फोटोही त्यानं मागून घेतला.

मग तिकीट आलं, आणि तिथंच हे सगळं उघडं पडायला हवं होतं. ते तिकीट माझ्या मोबाइलमध्ये अजून आहे. वर तीन मजली पांढऱ्या जहाजाचं चित्र. खाली आमची सात नावं आणि प्रत्येकासमोर सीट नंबर, एस १ ते एस ७. बाजूला 'गेट नंबर ३'. दाभोळची बोट ज्यानं पाहिली त्याला हे वाचताक्षणी कळेल. ती सपाट बोट आहे. धक्क्याला लागली की पुढची लोखंडी फळी खाली येते, गाड्या सरळ आत चढतात, माणसं गाडीत बसतात नाहीतर कठड्याला उभी राहतात. कसला सीट नंबर आणि कसलं गेट! पण जेटी कशी असते हे सातशे किलोमीटरवरून कोणाला ठाऊक? त्या एस ५ समोर आईचं नाव होतं. तिनं ते शेजारणीला वाचून दाखवायला लावलं होतं. तो नंबर आठवला की अजून डोक्यात रक्त चढतं.

दाभोळला पोचलो. एकेकाळचं मोठं बंदर, आता छोटं गाव आहे. खिडकीवर तिकीट दाखवलं तर तिथल्या माणसानं मान हलवली, "हे आमचं नाही. रांगेत गाडी लावा, इथंच तिकीट मिळतं." त्याच्या मागं गर्दी होती, त्याला दोष नाही. फेरीबोटवाल्यांचा या प्रकाराशी काही संबंध नाही, हे मी स्पष्ट लिहितो. खिडकीवर जे भाडं भरलं ते तीन आकड्यांत मावलं.

मी लगेच त्या नंबरवर फोन लावला. तो जराही गडबडला नाही. "सॉरी सर, सिस्टीम की गलती है, डिपॉझिट अभी वापस करता हूँ." क्यूआर पाठवला, म्हणाला दुप्पट रक्कम दिसेल, पिन टाकला की जमा होईल. मागून गाड्यांचे हॉर्न, पोट्टे पाण्याकडं पळत होते, बोट लागत होती, आई विचारत होती, "पैसे वापस येऊन राहिले का रे?" पिन टाकला, ९,९९८ गेले. "एंट्री अटक गई, फिर से करो, दोनों साथ में आएंगे." आणखी ९,९९८. मग फोन बंद. अशा गोंधळात, फोन कानाला असताना, भलेभले असंच करतील. घरी पंख्याखाली बसून शहाणपण शिकवणाऱ्यांनी एकदा त्या रांगेत उभं राहून पाहावं.

पैसे यायचे असतील तर पिन कधीच लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे जाणार. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे आजच सांगा.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तिथूनच फोन लावत होतो. खाडीकाठी रेंज तुटायची, लागला की व्यस्त. तिकडच्या पोलीस ठाण्यात गेलो तर म्हणे खातं तुमच्या गावच्या बँकेतलं, तक्रार तिकडं द्या. गावी परतून तालुक्याच्या ठाण्यात गेलो तर म्हणे घटना रत्नागिरी जिल्ह्यात घडली, तिकडं जा. दोन्हीकडं खुर्चीवरून कोणी उठलं नाही, दोन्हीकडं मोबाइल हातात धरून आतल्या साहेबांची वाट पाहायला लावली. एकानं तर विचारलं, "शिकलेले दिसता, मग पिन काहून टाकला?" मी तिथं चोरी करून आलो होतो का? बँकेत मॅनेजरनं मान वर न करता सांगितलं, पिन तुम्ही टाकला, आमची जबाबदारी नाही. लेखी द्या म्हटलं तर फॉर्म नाही. शेवटी ऑनलाइन तक्रार सेवा केंद्रातल्या पोरानं भरून दिली, त्याचे १०० रुपये वेगळे. इतक्या फेऱ्यांत ज्या खात्यात पैसे गेले ते रिकामं झालं असणार. पहिल्या तासाभरात तक्रार नोंदली तर रक्कम रोखता येते असं हेच लोक पोस्टरवर छापतात, आणि तो तास हेच लोक खातात.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठंही घडला असला तरी कोणत्याही ठाण्यात माहिती नोंदवता येते. याला झिरो एफआयआर म्हणतात. प्रत फुकट मिळते. "हद्द आमची नाही" हे ऐकून माघारी फिरू नका, कलमाचा आकडा तोंडावर सांगा. मला तो एका वकील मित्राकडून उशिरा कळला. तरी घेतलं नाही तर याच कलमाखाली पोलीस अधीक्षकांना टपालानं लेखी कळवता येतं. मी स्पीड पोस्टानं अर्ज पाठवला आहे, पावती जपून ठेवली आहे.

आधारचा फोटो गेला असेल तर बायोमेट्रिक लॉक करून घ्या, ते मोबाइलवरूनही होतं. नकाशावर दिसणारा नंबर कोणीही टाकू शकतो किंवा बदलू शकतो, त्यावर भरोसा ठेवून एक रुपयाही पाठवू नका. मुक्कामाच्या घरमालकाला विचारा, तो बोटीची वेळसुद्धा बरोबर सांगेल. फेरीबोटीसाठी 'परत मिळणारं डिपॉझिट' कोणी मागितलं की तिथंच फोन ठेवा. दाभोळ असो, आगरदांडा-दिघी असो की वेशवी-बागमांडला, जेटीवर जा, खिडकीवर तिकीट काढा, बोटीत चढा.

त्या नंबरची मी नकाशावर तक्रार केली आहे. आज सकाळी पाहिलं तर तो तसाच होता, खाली नवे दोन चांगले अभिप्राय जमा झाले होते. ज्यांच्याकडं स्मार्टफोन आहे त्यांनी दाभोळची जेटी उघडून तिथंच 'चुकीची माहिती' म्हणून कळवा. एकट्या माझ्या तक्रारीवर तो निघत नाही.