मिनी कन्सोल की घरचा रास्पबेरी पाय? आधी गेमची यादी बघा

जुने टीव्ही गेम पुन्हा खेळायचे ठरवले की दोन पर्याय समोर येतात. एक, निन्टेंडोचा एनईएस क्लासिक, म्हणजे कंपनीच्या जुन्या एनईएस कन्सोलची आत गेम भरलेली छोटी आवृत्ती, मिनी कन्सोल. दुसरा, रास्पबेरी पाय या छोट्याशा संगणकावर रेट्रोपाय हे जुने गेम चालवणारे सॉफ्टवेअर टाकून घरीच बनवलेला कन्सोल. बहुतेक जण आधी किंमत विचारतात. माझ्या मते आधी गेमची यादी बघावी.

२०१६ साली आलेल्या एनईएस क्लासिकमध्ये ३० गेम आहेत आणि त्यात भर घालायची अधिकृत सोय नाही. सुपर मारिओचे तिन्ही भाग, पॅक-मॅन, गॅलागा, आइस क्लाइंबर, एक्साइटबाइक... यादी चांगलीच आहे, पण ती अमेरिकेतल्या आठवणींवर बेतलेली. आपल्याकडे नव्वदच्या दशकात घरोघरी जे टीव्ही गेम होते, ते बहुतेक फॅमिकॉमच्या, म्हणजे एनईएसच्या जपानी रूपाच्या, नकला होत्या. त्यांच्या कॅसेटमध्ये रोड फायटर, सर्कस चार्ली आणि रणगाड्यांचा बॅटल सिटी असायचा. हे तिन्ही गेम अमेरिकेत एनईएसवर निघालेच नाहीत, त्यामुळे या यादीतही नाहीत. काँट्रासुद्धा नाही, त्याचा पुढचा भाग, सुपर सी, तेवढा आहे. भावंडांबरोबर बॅटल सिटी खेळायचे म्हणून कोणी हा कन्सोल घेणार असेल, तर त्याची निराशा ठरलेली.

रेट्रोपायसारख्या इम्युलेटरला, म्हणजे जुन्या कन्सोलची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरला, ही मर्यादा नाही. मात्र गेमची फाइल इंटरनेटवरून उतरवणे हा कॉपीराइटचा भंग आहे, मग गेम कितीही जुना असो. स्वतःच्या मूळ कॅसेटवरून प्रत काढणे किंवा हौशी निर्मात्यांनी मोफत दिलेले नवे गेम खेळणे, हे त्यातल्या त्यात स्वच्छ मार्ग. हा मुद्दा मी गंभीरपणे घेतो, आणि मिनी कन्सोलच्या बाजूने सगळ्यात मोठे वजन याचेच आहे.

रोजच्या वापरात मिनी फार सुखाचा. एचडीएमआय केबल टीव्हीला जोडायची, मोबाइलच्या साध्या चार्जरवर चालू करायचे, झाले. प्रत्येक गेमला चार ठिकाणी खेळ जपून ठेवता येतो. पण कंट्रोलरची वायर फारच आखूड, आणि मेनूत परतायला उठून कन्सोलचे रिसेट बटण दाबावे लागते.

पायमध्ये बिनतारी कंट्रोलर चालतो, बसल्या जागी गेम बदलता येतो. त्या बदल्यात पहिले काही तास बटणे जुळवण्यात जातात. पाय ४ ला ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा पुरवठा लागतो. कमी पडला की पडद्यावर विजेचे चिन्ह चमकते. बंदही मेनूतूनच करावा लागतो. मध्येच लाइट गेली तर एसडी कार्डावरचा डेटा खराब होऊ शकतो, म्हणून जिथे वीज सारखी जाते तिथे कार्डाची एक प्रत काढून ठेवाच.

कंपनीचा म्हणजे दर्जेदार, असेही धरून चालू नका. २०१८ च्या प्लेस्टेशन क्लासिक या मिनी कन्सोलमध्ये सोनीने पीसीएसएक्स हा मुक्त स्रोत इम्युलेटरच वापरला होता आणि काही गेम ५० हर्ट्झच्या, म्हणजे संथ चालणाऱ्या, युरोपीय आवृत्तीतले दिले होते. उलट सेगाच्या मेगा ड्राइव्ह मिनीचे काम एम२ या जपानी कंपनीने मन लावून केले आहे. त्यात ४२ गेम आहेत.

घरातल्या मोठ्यांना किंवा लहान मुलांना भेट द्यायची असेल तर मिनीच घ्या. एनईएस क्लासिकचे उत्पादन थांबलेले आहे, त्यामुळे विक्रेता नीट पारखा. तसाच डबा आणि ‘६२० गेम’ अशी जाहिरात दिसली, तर ती नक्कल समजा. स्वतःसाठी हवा असेल आणि जुळवाजुळवीत रमत असाल, तर पाय. तोही लगेच विकत घेऊ नका. घरातल्या जुन्या लॅपटॉपवर रेट्रोआर्क हे जुने गेम चालवणारे सॉफ्टवेअर मोफत चालते. एखादा मोफत गेम आणि एक यूएसबी कंट्रोलर जोडून दोन-चार संध्याकाळी खेळून बघा. सेटिंगच्या मेनूत शिरायचा कंटाळा येतो की नाही, ते तेवढ्यात कळते.