बाहुलीच्या टोप्यांसाठी हातमशीन: काही महिन्यांच्या वापरानंतर

साडेअकरा इंची फॅशन बाहुलीच्या डोक्याचा घेर केसांसकट ११ सेंमी धरला, तर टोपीच्या माथ्याचा गोल जेमतेम ३.५ सेंमी व्यासाचा येतो. एवढ्याशा गोलाला टीप मारताना मशीनचा वेग काही कामाचा नाही, हव्या त्या टाक्यावर थांबता आलं पाहिजे. गेले काही महिने हँडलवालं काळं लोखंडी हातमशीन मी फक्त याच कामाला वापरतेय, आणि त्याला तोड नाही असं माझं ठाम मत झालंय.

हँडलच्या एका फेऱ्यात साधारण तीन टाके पडतात. गोलावर आलं की मी हँडल सोडून चाकच हाताने फिरवते. एक टाका घालायचा, सुई कापडातच ठेवून मशीनचा कापड दाबणारा पाय उचलायचा, कापड किंचित वळवायचं, पाय खाली. दीड मिलिमीटरचा टाका ठेवला की अख्ख्या घेरात सत्तर-पंचाहत्तर टाके बसतात आणि टोपी उलटवल्यावर गोल खरोखर गोल दिसतो. शिवाय हे मशीन फक्त सरळ टीप मारणारं, म्हणून सुईखालचं भोक बारीक. मलमलसुद्धा आत ओढली जात नाही. सुई मात्र ११ नंबरचीच लावा, १६ नंबरची भोकं बारीक कापडावर उठून दिसतात.

अडचण एकच: उजवा हात हँडलवर किंवा चाकावर अडकतो. त्यामुळे बाजूची पट्टी माथ्याला आधी धावदोऱ्याने जोडून घ्यावी लागते. इतक्या लहान जागेत टाचण्यांनी कापड उचललं जातं.

कापडांत केंब्रिक सगळ्यात सोपं, पण देखणी टोपी होते ती खणाची! त्याची बारीक बुट्टी बाहुलीच्या मापाला शोभते. खणाची सुतं फार सुटतात आणि शिलाईबाहेरचं मार्जिन तर ३ मिलिमीटरच, म्हणून कापण्याआधी मागून पातळ फ्यूजिंग, म्हणजे एका बाजूला गोंद असलेलं अस्तर, इस्त्रीने चिकटवून घ्यायचं.

हातात धरायचं बॅटरीवरचं छोटं मशीनही वापरून पाहिलं. त्याचा एका दोऱ्याचा साखळी टाका शेवटची गाठ सुटली की ओढताच उसवतो. मुली टोपी दिवसभर काढतात-घालतात, तिथे हे टिकणार नाही.

घरात जुनं पायमशीन पडून असेल तर नवं घेऊ नका. मशीनच्या उजवीकडच्या छोट्या चाकाला आरे असतील तर त्याच मशीनला हँडल बसवता येतं, आणि ते सुटं मिळतं.